आतकरवाडीच्या वाटेवरच्या निळ्या टोपीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. आठ महिने दर रविवारी सकाळी सहाला आपण सिंहगडाच्या पायथ्याशी भेटलो, पण मी विचारलं नाही आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत. परत आल्यापासून तीन रविवार बाकरवडीचा पुडा सॅकमध्ये घालून गड चढतेय आणि तसाच घरी आणतेय. (खरं सांगायचं तर दोन पुडे आम्हीच संपवले.) सरबतवाल्या मावशी म्हणाल्या, काका मुलाकडे गेलेत. म्हणून हे इथे लिहितेय, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला पोचले. ५,३६४ मीटर. स्वतःच्या पायांनी गेले, स्वतःच्या पायांनीच उतरले.

दुसऱ्या अर्ध्याचं अप्रूप मला जास्त का, ते तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी हिमाचलमधल्या हम्प्ता पासच्या ट्रेकला खिंडीच्या अलीकडूनच परत फिरले होते. नेणाऱ्यांनी पैसे भरून घेतले आणि एक यादी पाठवली: पस्तीस मिनिटांत पाच किलोमीटर पळा. पळाले. जिममधल्या मुलाने महिनाभर स्क्वॉट मारायला लावले. मारले. दुकानदाराने चपलेच्याच नंबरचे बूट दिले, वर "चालून चालून सैल होतील" म्हणाला. आणि तंबूत डोकं फुटायची वेळ आली, दोन उलट्या झाल्या, तेव्हा लीडर म्हणाला, "मॅडम, मनाचा खेळ आहे सगळा. डोक्यातून काढून टाका." अरे बाबा, डोकंच तर दुखत होतं! खाली आले ती दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी करून. घरी सासूबाईंनी फक्त "झालं समाधान?" एवढंच विचारलं.

म्हणून फेब्रुवारीत गडावर यायला लागले ते कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवूनच. पहिल्याच रविवारी तुम्ही मला तीनदा गाठलंत, एकदाही वेग न वाढवता. मी पळत जायचे, धापा टाकत दगडावर बसायचे, तेवढ्यात निळी टोपी वर यायची. तिसऱ्या वेळी तुम्ही थांबलात. "ताई, चढता चढता तानाजीची गोष्ट सांगता येईल का?" मला 'ता'सुद्धा धड म्हणता येईना. "मग पाय जास्त पळतायत," म्हणालात आणि पुढे गेलात. त्यानंतर जूनपर्यंत मी १६७० ची ती लढाई इतक्यांदा सांगितली असेल की वाटेतली माकडंही कंटाळली असतील.

एकदा मी फुशारकीने म्हटलं, आता महिन्यात सहा वेळा गड करते, उंचीची भीती नाही. तुम्ही हसलात. "पुणं साडेपाचशे मीटरवर, गड तेराशेवर. इथे पाय तयार होतील, रक्त नाही. ते तिथेच, सावकाश." उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं विचारलं तर "ते मला नाही, डॉक्टरांना विचारा." पुण्यात राहून 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. जुलैतल्या त्या रविवारसाठी आहे.

पाऊस कोसळत होता, वाटेचा नुसता राडा झाला होता. उतरताना अंगठे बुटाच्या टोकाला आपटत होते. तेव्हा तुम्ही काही न बोलता चिखलात गुडघा टेकलात आणि माझ्या बुटाच्या नाड्या सोडायला लागलात. मी पाय मागे ओढला. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि माझ्या चिखलाच्या बुटाला हात! तुम्ही वर न बघताच म्हणालात, "अहो, टाच मागे आपटा बघू दोनदा." मग वरच्या भोकांत नाडी त्याच बाजूला ओवून दोन फास केलेत, उजवीकडची नाडी डावीकडच्या फासातून, डावीकडची उजवीकडच्या, आणि घोट्याशी घट्ट खेचलीत. दुसरा बूट मला बांधायला लावलात. चुकला. परत सोडायला लावलात. जाणारे येणारे बघत होते, तुम्ही पावसात भिजत बसला होतात, आणि तुम्हाला घाई नव्हती.

काका, मला तोवर सल्ले पुष्कळांनी दिले होते, विकतही आणि फुकटही. माझे पाय नेमके कुठे दुखतात ते पाहायला खाली वाकणारं कुणी भेटलं नव्हतं. चांगुलपणाला फार काही लागत नसावं. आपली पॅन्ट मळली तरी चालेल, इतकी तयारी असली की झालं. पण तीच किती कमी लोकांची असते!

बूट त्याच आठवड्यात बदलले, मोठ्या नंबरचे, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोजे घालून.

खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागात, तुमची आठवण रोज निघाली. दूधकोशी नदीवरच्या उंच झुलत्या पुलापासून नामचे गावापर्यंत सहाशे मीटरची खडी चढण आहे. सगळे तिची भीती घालत होते. मी मनात म्हटलं, हा तर आपला गड, फक्त हवा विरळ. आणि निघाले सावकाश, तानाजी पुटपुटत. मागून येऊन पुढे गेलेली दोन तरणीताठी पोरं धापा टाकत बसली होती, त्यांना तिसऱ्यांदा गाठलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हालाच कळेल. ४,४१० मीटरवर दिंगबोचेला डोकं दुखलं. लपवलं नाही, गाइडला सांगितलं. तो 'मनाचा खेळ' म्हणाला नाही. तिथे तसाही दोन रात्री मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखणं उतरलं.

परतीच्या दिवशी तीच नामचेची उतरण. सुरुवातीलाच एका दगडावर बसले, टाच दोनदा आपटली, फास टाकले. शेजारी एक बाई, बहुधा कोरियन, अंगठे चोळत बसली होती. भाषेचा प्रश्नच होता. मी तिच्यापुढे गुडघा टेकला आणि तिच्या नाड्या सोडायला लागले. तिनेही पाय मागे ओढला.

येत्या रविवारी सहाला आतकरवाडीत आहे, त्याच्या पुढच्याही. पुडा ताजा आणीन. आणि दहाच्या दहा नखं जागेवर आहेत, हवं तर मोजून घ्या.

तुमची,
लाल सॅकवाली