इंजेक्शन बंद करू नको बाळा

बाळा,
काल सूनबाईचा फोन आला तेव्हा कळलं, शुगरचं ते आठवड्याचं इंजेक्शन तू बंद केलंयस, शुगर नॉर्मल आली आणि मळमळतंय म्हणून. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला बघ माझा.

काकानं पण असंच केलं होतं, रिपोर्ट चांगला आला की गोळ्या बंद. त्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावत होता, डावा हात वर येईचना, हात अवघडला असंल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो आणि दुपारी तोंड वाकडं दिसलं तेव्हा कुठं रिक्षा बोलावली. स्ट्रोक होता तो, लकवा, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं, आमचा वेळ निघून गेला होता. गड्ड्याच्या जत्रेत सगळ्यांच्या पुढं चालणारा माणूस आता कडक भाकरी दुधात भिजवून खातो, ती पण मी भरवली तर.

म्हणून मी आपल्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तुझं ते इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन नाही, आणि ते दिलं म्हणजे शुगर हाताबाहेर गेली असं पण नाही. जेवल्यावर आतड्यातनं जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं, त्याच्यासारखंच हे काम करतं, भूक कमी, वजन कमी, बीपी पण थोडं उतरतं, आणि स्ट्रोकचा धोका कमी होतो. 2019 मध्ये याच प्रकारच्या ड्युलाग्लुटाइड नावाच्या इंजेक्शनचा मोठा अभ्यास आला, टाईप 2 शुगरची 9,901 माणसं, पाच वर्षांच्या वर लक्ष ठेवलं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत 100 मधल्या साधारण 4 जणांना स्ट्रोक आला, खरं औषध घेणाऱ्यांत 3 जणांना. एकाचाच फरक म्हणशील, पण मी त्या एकाला रोज भरवतोय रे. शुगरच्या सगळ्याच औषधांचं असं नसतं, काही हार्टला, किडनीला जास्त उपयोगी, म्हणून तुझ्या डॉक्टरला विचार, मला हे कशासाठी दिलंय, रिपोर्टवरचा आकडा बघून तू तुझं ठरवू नको.

मळमळ सुरुवातीला बऱ्याच जणांना होते, डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो, थोडं थोडं जेव, शेंगाचटणीवर तेल ओतून खायचं जरा थांबव. तंबाखू सोडलीस ना? आणि बीपी मोजत जा, स्ट्रोकमध्ये त्याचाच वाटा मोठा आहे.

उद्या दवाखान्यात जा, आणि काय म्हणाले ते संध्याकाळी मला फोन करून सांग, काका पण शेजारीच बसलेला असतो.

तुझे पप्पा