रोखपालाची खिडकी आणि बोलण्याची जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बँकेत रोखपाल म्हणून मी 31 वर्षे नोकरी केली आणि गेली सहा वर्षे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, निवृत्तिवेतनधारकांच्या रांगेत उभा राहतो आहे. बँकेच्या सेवेवर ग्राहक का चिडतात हे आता रोज अनुभवतो. ग्राहकांच्या बोलण्याने कर्मचारी का त्रासून जातात, हेही मला चांगले ठाऊक आहे. गेल्या नोव्हेंबरात पाहिलेला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला देण्यासाठी मी माझ्या शाखेत गेलो होतो. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा सोमवार होता. चार खिडक्यांपैकी दोन बंद होत्या, तिसऱ्या खिडकीवर सर्व्हर चालू होण्याची वाट पाहणे सुरू होते आणि पासबुक भरण्याच्या यंत्रावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. उरलेल्या एका खिडकीवर रोख घेणे, रोख देणे, दाखले तपासणे आणि पासबुकात नोंदी करून देणे ही सगळी कामे एक तरुण मुलगी एकटी करीत होती. रांगेत पंचवीस-तीस माणसे होती, त्यांतील निम्मी सत्तरीच्या पुढची. माझ्यापुढे दोन माणसे सोडून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पैसे काढण्याची स्लिप आत दिली आणि ते बोलू लागले. गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुलाची बंगळूरला झालेली बदली, या शाखेत पूर्वी कोण साहेब होते, असे विषय निघत गेले. मुलगी नोटा मोजता मोजता ‘हो काका’, ‘बरं काका’ म्हणत होती. दोनदा तिची मोजणी चुकली आणि दोनदा तिने पहिल्यापासून मोजले. दहा-बारा मिनिटे झाल्यावर मागून कोणीतरी ओरडले, “अहो, गप्पा घरी जाऊन मारा की!” ते गृहस्थ वाक्य अर्ध्यावर सोडून थांबले आणि हातातले पैसे न मोजता, कोणाकडे न पाहता निघून गेले. दुसऱ्या दिवशी दाखल्याची पोच आणायला गेलो तेव्हा कळले, की आदल्या दिवशी त्या मुलीची रोकड 500 रुपयांनी कमी भरली आणि ते पैसे तिने स्वतःच्या पगारातले घातले. ती चूक कोणत्या व्यवहारात झाली हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि मी तिचा दोष त्या गृहस्थांवर ठेवत नाही.

रोख मोजण्याचे काम किती एकाग्रतेचे असते, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळणे अवघड आहे. यंत्र नोटांची संख्या सांगते. पण फाटकी नोट, शाई लागलेली नोट, पाचशेच्या गड्डीत चुकून आलेली शंभराची नोट यांवर शेवटी माणसाचीच नजर राहावी लागते. संध्याकाळी हिशेब जुळवताना रोकड जास्त निघाली तर ती बँकेच्या खात्यात जमा होते आणि कमी निघाली तर रोखपालाला भरून द्यावी लागते. माझ्या नोकरीत अशी भरपाई मला तीनदा करावी लागली. त्यांपैकी एकदा समोर माझ्याच ओळखीचे एक व्यापारी मुलीच्या लग्नाची हकिगत सांगत होते आणि मी भिडेपोटी त्यांना थांबवू शकलो नव्हतो. म्हणून ग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आतला माणूस नोटा मोजत असेल तेवढी दोन मिनिटे त्याच्याशी बोलू नये.

मोबाइल कानाला लावून खिडकीवर येणाऱ्यांबद्दल मात्र मला जराही सहानुभूती नाही. खिडकीवर पोहोचल्यावरही त्यांचे संभाषण संपत नाही, कर्मचाऱ्याने खाते क्रमांक विचारला तर ते हातानेच ‘थांबा’ अशी खूण करतात, आणि मागची सगळी रांग त्यांच्या फोनसाठी ताटकळते. हा सरळसरळ उर्मटपणा आहे.

वयस्कांच्या बोलण्याची गोष्ट वेगळी आहे. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच स्लिप भरणारी बाई, मुले परगावी असलेला एकटा माणूस, दृष्टी अधू झाल्यामुळे पासबुकातले आकडे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणारे आजोबा, हे बँकेत येतात तेव्हा केवळ पैसे न्यायला आलेले नसतात. त्यांच्या लांबलचक बोलण्यात पुष्कळदा खरी चिंता दडलेली असते. मी निवृत्त होण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट आहे. नेहमी मोजके बोलणाऱ्या एक आजी मुदत ठेव मोडायला आल्या आणि त्या दिवशी थांबेचनात. भाचा, देवदर्शन, महागाई असे करीत करीत त्या सांगून गेल्या, की यजमानांच्या विमा पॉलिसीचा अडकलेला बोनस सोडवून देण्यासाठी दिल्लीहून एका साहेबांचा फोन येतो आणि त्यांना आधी कर म्हणून पैसे पाठवायचे आहेत. मी त्यांना तिथेच थांबवले, व्यवस्थापकांकडे नेले आणि ती ठेव वाचली. हल्ली भामटे पोलीस किंवा सीबीआयचे नाव सांगून ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे फोनवरच अटक झाल्याचा, धाक घालतात आणि वृद्धांच्या आयुष्यभराच्या ठेवी लुबाडतात. अशा प्रत्येक वृद्धाने पैसे पाठवण्याआधी कोणाशी तरी पाच मिनिटे मोकळेपणाने बोलावे, असे मला नेहमी वाटते. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक उपयोगी आहे, पण पैसे गेल्यानंतर.

तेव्हा या माणसांनी बोलायचे कुठे, हा माझा प्रश्न आहे. अगदी लहान शाखा वगळता प्रत्येक शाखेत प्रवेशद्वाराजवळ चौकशीचे किंवा ‘मे आय हेल्प यू’ असे टेबल असावे आणि कामकाजाच्या वेळेत कोणतीही खिडकी कर्मचाऱ्याविना राहू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेविषयीच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेले आहे. नोव्हेंबर 2017 मधील परिपत्रकाने ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी खिडकी ठेवायला किंवा त्यांना प्राधान्य द्यायला सांगितले. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याचेही त्यात आहे. माझ्या शाखेत चौकशीचे टेबल आहे. त्यावर पाटीही आहे. परंतु तेथे विमा आणि क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी बसतो, आणि नॉमिनीचे नाव बदलण्याबद्दल विचारायला गेलेल्या माझ्या पत्नीला त्याने अर्धा तास एका पॉलिसीची माहिती दिली. ज्या जागी ग्राहकाचे ऐकून घ्यायचे, ती जागा विक्रीला दिल्यावर ऐकण्याचे काम रोखपालाच्या खिडकीवर येऊन पडते, आणि रांगेतली माणसे एकमेकांवर ओरडू लागतात.

फोनवरच्या सेवेतही याहून वेगळे काही घडत नाही. भाषा निवडा, मग आकडा दाबा, मग पुन्हा आकडा दाबा, असे करीत माणसाचा आवाज ऐकू येईपर्यंत विचारायचे काय होते तेच वृद्ध माणूस विसरतो. आणि पलीकडे बसलेल्या मुलाचे कामही बहुधा एका फोनला किती वेळ लागला यावर जोखले जात असल्याने त्यालाही ऐकून घेण्याची सवड नसते.

‘सगळे ऑनलाइन झाले आहे, शाखेत यायचेच कशाला?’ असे मला तरुण मंडळी विचारतात. हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय 2014 पासून आहे, 2021 पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो, आणि ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरऐवजी 1 ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. या सोयी चांगल्या आहेत आणि ज्यांना जमते त्यांनी त्या जरूर वापराव्यात, कारण तेवढीच रांग कमी होते. परंतु शेतात आणि भांडी घासण्यात ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि ज्यांना ओटीपी वाचायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, ते शाखेतच येणार. त्यांच्यासाठी वर्षातून निदान एक महिना, नोव्हेंबरमध्ये, दाखल्यांचे काम रोखीच्या खिडकीवरून काढून वेगळ्या टेबलावर न्यावे, त्या टेबलापुढे दोन खुर्च्या ठेवाव्यात आणि तेथे बँकेचाच एखादा अनुभवी कर्मचारी बसवावा. कर्मचारी कमी असतील तर माझ्यासारखे निवृत्त रोखपाल महिनाभर सकाळचे दोन-तीन तास विनामोबदला बसायला तयार आहेत. आम्हाला पैशांना किंवा संगणकाला हात लावू देण्याची गरज नाही, अर्ज भरून देणे आणि ऐकून घेणे एवढे काम आम्ही करू.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गृहस्थ मला पुन्हा रांगेत दिसले. त्यांनी स्लिप आत दिली, पैसे घेतले आणि ते निघाले. त्या मुलीने ‘गुडघा कसा आहे काका?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिले आणि नुसती मान हलवली.

वरील मागण्यांचा लेखी अर्ज मी शाखा व्यवस्थापकांना दिला असून त्याची पोच घेतली आहे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती मी करणार आहे. अन्य शाखांतील निवृत्तिवेतनधारकांनीही आपापल्या शाखेत चौकशीच्या टेबलावर कोण बसते हे पाहावे आणि तेथे बँकेचा माणूस नसेल तर तसे लेखी द्यावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करू इच्छितो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल, कराड