मूळ गाणं म्हणजे नक्की कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलेलं, की हल्लीचे मेटलकोअरवाले (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंक यांची भेसळ, ओरडून गायचा प्रकार) जुनी चांगली गाणी घेतात आणि ओरडून ओरडून त्यांची पार वाट लावतात. काकांचा (काकाच असणार, भाषेवरून वाटलं) राग मला कळतो, पण उदाहरण त्यांनी दिलं डिस्टर्ब्ड या बँडने गायलेल्या 'द साउंड ऑफ सायलेन्स'चं आणि तिथेच घोळ झाला.

एकतर डिस्टर्ब्ड हा मेटलकोअर बँडच नाही, हेवी मेटल म्हणा हवं तर, आणि त्यांच्या २०१५ च्या व्हर्जनमध्ये गिटारचा धिंगाणा नाहीच, पियानो आहे, व्हायोलिनबियोलिन आहे आणि डेव्हिड ड्रेमनचा खर्जातून हळूहळू वर चढणारा आवाज आहे. ज्याने हे गाणं लिहिलं त्या खुद्द पॉल सायमनने त्याचं कौतुक केलंय. बरं, मूळ मूळ म्हणतो ते तरी कुठलं? १९६४ ला सायमन आणि गारफंकलने ते नुसत्या अकूस्टिक गिटारवर गायलं, अल्बम आपटला, दोघं आपापल्या वाटेने गेले, आणि मग १९६५ मध्ये प्रोड्युसर टॉम विल्सनने त्यांना न विचारताच त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स चढवले. ते १९६६ च्या जानेवारीत अमेरिकेत नंबर वन झालं आणि तेच आज सगळ्यांना 'ओरिजिनल' म्हणून माहितीये. म्हणजे गाणं जड करायचा उद्योग पन्नास वर्षं आधीच होऊन गेलाय!

मी स्वतः गिटार वाजवतो, म्हणजे घरच्यांच्या मते बडवतो. सगळ्यात जाडी तार एक सूर उतरवली की ड्रॉप डी, मग सगळ्याच तारा अजून एक सूर उतरवल्या की ड्रॉप सी, त्यात एकच बोट आडवं टाकलं की जाड्या तीन तारांवर अख्खा पॉवर कॉर्ड मिळतो, आणि उजवा तळवा ब्रिजपाशी टेकवून वाजवलं की तो दबका धप्प धप्प आवाज येतो. मेटलकोअरमधला ब्रेकडाउन म्हणजे हेच, फक्त ठेका एकदम अर्ध्यावर आणि गिटार अन् दोन पायांनी वाजवायचा बेस ड्रम एकाच ठोक्यावर. सोपं आहे आणि तोच प्रॉब्लेम आहे, कुठेही घुसवता येतं. मी पण एका जुन्या गाण्यात घुसवलं होतं, मित्र म्हणाला कडक, चार दिवसांनी रेकॉर्डिंग ऐकलं तर दोन वेगळ्या फाइली डिंकाने चिकटवल्यासारखं. डिलीट मारलं.

आता जमलेलं ऐका. डिओचं 'होली डायव्हर' १९८३ चं, ते किलस्विच एंगेज या मेटलकोअर बँडने २००६ ला केलं, त्यात त्यांचा गायक हॉवर्ड जोन्स चाल मोकळ्या गळ्याने गातो आणि ओरडणं मोजक्या जागी येतं, चाल कुठेच हरवत नाही. ऑगस्ट बर्न्स रेड या दुसऱ्या मेटलकोअर बँडने २००९ ला ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोअर टाइम' केलं तेव्हा मी पण आधी हसलोच. पण ते गाणं एकटेपणाबद्दल आहे हे १९९८ पासून ऐकत असून मला पहिल्यांदा तेव्हा जाणवलं, कारण गोड आवाजात ते पुढे निघून जायचं.

माझी खरी तक्रार बॅड वूल्व्ह्ज या मेटल बँडने केलेल्या 'झॉम्बी'बद्दल आहे. आवाजाबद्दल नाही हं, क्रॅनबेरीजचं १९९४ चं गाणं मुळातच जड आहे. क्रॅनबेरीजची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन स्वतः नव्या व्हर्जनवर गाणार होती, जानेवारी २०१८ मध्ये ती गेली, मग बँडने कमाई तिच्या मुलांना दिली, हे सगळं चांगलंच. पण गाण्यातलं १९१६ साल काढून त्यांनी २०१८ टाकलं. १९१६ म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धचा आयर्लंडमधला डब्लिनचा उठाव, आणि १९९३ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बने दोन लहान मुलं मारली गेली त्यावर लिहिलेलं गाणं आहे ते, तिथून आजवरची सगळी साखळी त्या एका आकड्यात होती. गिटार कितीही खाली उतरवा, माझं काही म्हणणं नाही, पण हा आकडा ठेवायला हवा होता.

जाता जाता एक विनंती, असल्या कव्हरबद्दल (म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने केलेलं) छापाल तेव्हा मूळ गाणं कुणाचं आणि कुठल्या सालचं तेवढं खाली द्या. आणि काकांना १९६४ वालं व्हर्जन ऐकायला सांगा, त्यात ड्रम्स नाहीयेत.

आपला,
एक वाचक