जांबोटीच्या (जि. बेळगाव) घरी, वादळाच्या आधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालंय हे बातम्यांत पाहिलंच असेल. टीव्हीवरच्या नकाशातली रेघ आपल्यापासून दूर दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. ती फक्त वादळाच्या मध्याची वाट. पावसाचे पट्टे तिथून दोन-तीनशे किलोमीटर पसरतात, आणि जांबोटीहून समुद्र सरळ रेषेत जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. मे 2021 मधलं तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या पश्चिमेने समुद्रातूनच वर गेलं, जमिनीला लागलं ते 17 मेच्या रात्री सौराष्ट्रात. तरी गोव्यात झाडं नि विजेचे खांब आडवे झालेच.

समुद्राचं पाणी 26.5 अंशांच्या वर, तेही 50 मीटर खोलीपर्यंत तापलेलं असलं की वाफेचा पुरवठा तुटत नाही. वर गेलेल्या वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, हवा हलकी होते, खालचा दाब उतरतो, आणि भोवतालची दमट हवा आत ओढली जाते. हेच चक्र जोर धरत जातं. वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, 118 वर अति तीव्र. कधी एका दिवसात वारा ताशी 55 किलोमीटरने वाढतो, म्हणून सकाळची बातमी संध्याकाळी धरून चालू नये.

आई विचारते ना, आषाढात एवढा वारा, मग वादळ का होत नाही? तेव्हा खाली पश्चिमेचा आणि उंचावर पूर्वेचा जोराचा वारा असतो. ढगांचा मनोरा उभा राहायच्या आतच कलंडतो. मे-जूनच्या तोंडाला आणि दिवाळीच्या आगेमागे ही ओढाताण कमी असते.

उत्तरेला सरकणाऱ्या वादळाची पूर्वेची बाजू, म्हणजे आपली, जास्त जोराची. फिरण्याचा वेग 100 आणि सरकण्याचा 15 धरला तर पूर्वेला 115 च्या आसपास, पश्चिमेला 85. समुद्राच्या उधाणाची भीती किनाऱ्याला, आपल्याला नाही. आपल्याकडे दमट हवा घाटाला अडून वर चढते आणि कणकुंबी-जांबोटीवर कोसळते.

आता छप्पर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय वारा छप्पर नुसतं दाबत नाही, वरून जाताना उचलतो. ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त, म्हणून कौलं आधी तिथलीच उडतात. पडवीचे पत्रे बघून घ्या: पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टखालचा रबरी वॉशर चिरला असेल तर भोक मोठं होतं आणि पत्रा तिथूनच फाटतो. कडेच्या ओळीत एका आड एक बोल्ट असतील तर मधलेही मारून घ्या. बाबा, तुम्ही वर चढू नका, गवंड्याला बोलवा. वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावून ठेवा. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो.

गोठ्यावरच्या फणसाच्या फांद्या आताच उतरवा. पहिल्या झोडप्यात टिकलेलं झाड माती भिजल्यावर साध्या वाऱ्यानेही मुळासकट येतं. गुरं झाडाखाली बांधू नका. पिंजराची (भाताच्या पेंढ्याची) गंजी दोरखंडाने आवळा. धूळवाफ पेरणीला (कोरड्या मातीत भात पेरायला) चार दिवस थांबा, एवढ्या पावसात उताराच्या वाफ्यातलं बी वाहून जातं.

मराठी चॅनेलवर कोकण-कोल्हापूरचे इशारे येतात, बेळगावचे बेंगळुरूच्या हवामान केंद्रातून निघतात. तिथे आपला जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये मोडतो. पण धो धो पावसाची कणकुंबी आणि कोरडी अथणी एकाच जिल्ह्यात असल्याने नुसत्या जिल्ह्याच्या इशाऱ्याच्या रंगावर विसंबू नका, गोव्याचा इशाराही बघा. गोव्याला ऑरेंज असेल तर आपण रेड समजून वागायचं.

वीज गेली की पंपाचा मेन स्विच पाडा. तार तुटून पडली तर 10 मीटर लांब राहून वीज तक्रारीच्या 1912 वर फोन करा, ओल्या जमिनीतून करंट पसरतो. रस्त्यावर झाडं पडली तर खानापूरला जाता येणार नाही, म्हणून आईच्या बीपीच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उद्याच आणा. आणि गवंडी कधी येतोय ते फोनवर सांगा, पैसे मी पाठवतो.

तुमचा,
संजू