गुहागरचा मुक्काम, सायकली आणि बाबांचे पंचांग

पुणे,
पौष वद्य दशमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने "यंदाही सायकली न्यायच्याच आहेत का?" असे विचारले आणि मी घाईघाईने विषय बदलला. तो प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. म्हणून नीट विचार करून, हाताशी नकाशा घेऊन हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मुरूडला जे घडले, त्याची रुखरुख मला अजून आहे. हर्णै, आंजर्ले, आडे असे समुद्राच्या कडेकडेने केळशीपर्यंत जाऊन दहापर्यंत परत येते असे सांगून मी पहाटे निघाले आणि घरी पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. पंक्चर ही रोजची गोष्ट आहे. परंतु बरोबर घेतलेली जादा ट्यूब जुनी होती आणि तिच्या व्हॉल्व्हपाशीच हवा जात होती. फोनला रेंज नव्हती. मी परतले तेव्हा आई पडवीच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती, तिच्या शेजारी झाकून ठेवलेले पोह्यांचे ताट तसेच होते, आणि बाबांनी खाल्ले नव्हते म्हणून त्यांची सकाळची गोळीही राहिली होती. तुम्ही दोघे एका शब्दानेही रागावला नाहीत. केळशीच्या रस्त्यावर पाहिलेला समुद्र सुंदर होता यात शंका नाही, पण त्या दिवशीचे मला पहिल्यांदा आठवते ते झाकलेले ताट.

तरीही सायकली न्याव्यात असे मला मनापासून वाटते, कारण मोटारीच्या काचेतून कोकण निसटून जाते. खाडीकाठच्या गावातून चढ चढून सड्यावर, वरच्या कातळपठारावर यावे, मोहोराचा वास यावा, पुढच्या उतारावर एकदम गार हवा लागावी, हे सगळे सायकलीच्या वेगानेच अंगाला भिडते. चूक सायकलीची नव्हती. घरच्या दिवसाचा विचार न करता मी फेरी आखली, ही होती. यंदा मी आधी घरचा दिवस मांडला आहे आणि त्यात जिथे जागा आहे तिथेच फेरी बसवली आहे.

आम्ही शुक्रवारी पहाटे पुण्याहून निघू, साताऱ्याला तुम्हाला घेऊ आणि उंब्रज, पाटण, कोयनानगर या मार्गाने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जेवू. तेथून गुहागर सुमारे 45 किलोमीटर आहे. दोन सायकली गाडीच्या मागच्या कॅरिअरवर राहतील, त्यामुळे पाय पसरायला तुम्हाला जागा कमी पडणार नाही.

आता बाबांकडे एक काम आहे. तुम्हीच मला लहानपणी शिकवले होते की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आपण माघ वद्य द्वितीयेला पोचतो. दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास, असा माझा हिशेब आहे. तो पंचांग उघडून एकदा तपासून पाहावा. पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यामुळे पाणी चांगलेच लांब हटेल आणि गुहागरच्या किनाऱ्यावर सायकलीचे चाक रुतणार नाही इतकी घट्ट, ओली वाळू मिळेल. त्या सकाळी मी आणि तुमचा नातू वाळूवरून सायकल चालवू आणि तुम्ही सुरूच्या बनाच्या कडेने सावकाश चालाल. किनारा सरळ आणि लांबलचक आहे, त्यामुळे सगळी सगळ्यांच्या नजरेत राहतील. मला या मुक्कामातली हीच फेरी सर्वांत आवडती होईल असे वाटते. फक्त खाऱ्या पाण्याने साखळी गंजते, तेव्हा दुपारी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकली धुऊन तेल घालण्याचे काम नातवाकडे दिले आहे.

चतुर्थीला आईची संकष्टी येते. त्या दिवशी हेदवीच्या दशभुज गणेशाचे दर्शन व्हावे, अशी मी आखणी केली आहे. मी पावणेसातला, दिसू लागताच, पालशेतच्या रस्त्याने निघेन. वेळणेश्वरपर्यंतचे सुमारे 20 किलोमीटर चढउताराचे आहेत. ऊन तापण्याच्या आत मी तिथे पोचेन. तुम्ही फराळ करून, गोळ्या घेऊन, जावयांबरोबर दहाला गाडीने निघावे. वेळणेश्वराच्या देवळापाशी आपण भेटू, सायकल कॅरिअरवर चढवू आणि पुढे हेदवीला एकत्र जाऊ. परतीचे अंतर सायकलीने कापायचे नाही, हा निर्णय मी मुद्दाम घेतला आहे. गेल्या वर्षी उशीर परतीच्या वाटेवरच झाला होता. चतुर्थीच्या हिशेबाने भरती तीनच्या सुमारास आहे, म्हणून दर्शनानंतर बामणघळ पाहायला त्याच वेळी जाऊ. कातळाच्या त्या अरुंद फटीत लाट शिरली की पाणी उंच उसळते, आणि ते भरतीलाच दिसते. तेथला खडक निसरडा आहे, तेव्हा आईने माझा हात धरूनच, लांबून पाहायचे आहे. चंद्रोदय नऊनंतर आहे. तोवर आपण घरी असू.

माझ्या उशिराची तरतूदही सांगते. दोन नव्या ट्यूब घेतल्या आहेत आणि हवा भरून दोन दिवस ठेवून त्या तपासल्या आहेत. मार्ग आणि पोचण्याची वेळ कागदावर लिहून जावयांकडे देईन. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात मी दिसले नाही, तर फोनची वाट न पाहता त्याच रस्त्याने गाडी निघेल, आणि मीही तो रस्ता सोडणार नाही. तुम्ही मात्र वेळेवर खाऊन घ्यायचे, एवढे मला वचन हवे.

बाबा, एक फेरी तुमचीही आहे. गुहागरच्या खालचा पाट या वस्तीतला रस्ता सपाट आहे, दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि सकाळी त्यावर वर्दळ फारशी नसते. घरमालकांकडे एक लेडीज सायकल आहे. टांग टाकावी लागणार नाही, आणि सीट खाली घेतले की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. साताऱ्याच्या चढावर तुम्ही तीस वर्षे सायकलीने कचेरीत गेलात, हाफ पायडल मारणाऱ्या मला मागून कॅरिअर धरून शिकवलेत. यंदा मी तुमच्या शेजारून चालेन. गुडघ्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. त्यांनी नको म्हटले तर आपण तोच रस्ता पायी, जमेल तेवढा, चालू.

पंचमीला तवसाळहून जयगडला फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जायचे आहे. नंतरच्या दोन रात्री मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी आहेत. आईला ते घर पाहायचेच होते. आरे-वारेचा समुद्रकिनारा परतीच्या वाटेवर येतो, तेव्हा त्यासाठी वेगळा वेळ लागणार नाही.

तिथींचा हिशेब तपासून कळवावा, म्हणजे खोल्या नक्की करते. आईने संकष्टीच्या फराळाचे काय न्यायचे तेही सांगावे. साबुदाणा मी इथून घेईन.

तुमची,
धाकटी