भिंतीवरच्या मॅक्रमेसाठी: येण्याआधी दोऱ्या कापून आणा

सर्व सदस्यांना नमस्कार.

पुढच्या बैठकीत आपण मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून केलेलं, पहिलं वॉल हँगिंग करणार आहोत. मागच्या वेळी निम्मा वेळ दोऱ्या मोजण्यातच गेला, म्हणून ही आठवण.

प्रत्येकाने ३ ते ४ मिलिमीटर जाडीची सुती दोरी आणावी. तिचे ३ मीटरचे १२ तुकडे घरूनच कापून आणा. "एवढी लांब कशाला?" असं वाटेल, पण दोरी दुमडून काठीला अडकवली की निम्मी होते आणि उरलेली गाठी खातात. हँगिंग जेवढं लांब हवं, त्याच्या आठपट दोरी धरायची. ३ मीटरमध्ये साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरचं काम होतं. उरली तर झालर होते; कमी पडली तर मध्येच जोड दिसतो. नायलॉनची दोरी नको, गाठ सरकते.

सोबत ३० सेंटिमीटरची सरळ काठी, कात्री आणि जुना कंगवा (झालर विंचरायला!).

गाठी दोनच शिकू: काठीवर अडकवायची आणि चौकोनी. चौकोनी गाठीत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुरुवात करायची. बाजू बदलायला विसरलात की पट्टी पिळत जाते. मला तो पीळ आवडतो, पण तो ठरवून आलेला बरा.

गाठी सारख्याच ताणाने ओढा, फार घट्ट नकोत. झालर सगळ्यात शेवटी, टांगून झाल्यावरच कापू.