‘ॲम्प उडाला’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गाडीतला सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, बंद पडला की दुकानात ऐकू येणारे पहिले वाक्य ‘साहेब, ॲम्प उडाला’ हे असते आणि दुसरे नव्या ॲम्प्लिफायरच्या किमतीचे असते. या दोन वाक्यांच्या मध्ये व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर यायला हवा आणि तो अनेकदा येत नाही, एवढ्याच तक्रारीसाठी हे पत्र लिहीत आहे.

तासगावकडील माझ्या एका द्राक्ष बागायतदार स्नेह्यांच्या गाडीत डिकीमध्ये बारा इंची सबवूफर बसवलेला आहे. आवाज थोडा वाढवला की बेस तुटायचा, ॲम्पवर ‘प्रोटेक्ट’चा, म्हणजे दोष जाणवून ॲम्पने स्वतःला बंद केल्याचा, लाल दिवा लागायचा आणि आवाज कमी केला की सगळे पुन्हा सुरळीत व्हायचे. सांगलीतील एका दुकानात त्यांना, एकही वायर न सोडवता, ॲम्प आणि सबवूफर दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. वास्तविक कमी आवाजात नीट चालणारा ॲम्प ‘उडालेला’ कसा असेल, हा प्रश्न तेथेच पडायला हवा होता. नंतर मागची सीट उचलून पाहिली, तेव्हा ॲम्पची अर्थची वायर बॉडीच्या रंगावरच बोल्टने आवळलेली आढळली. वॉशरभोवती तांबूस गंज चढला होता आणि लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, बोटाने हलवला तरी फिरत होता. बेसच्या ठोक्याबरोबर ॲम्पच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज दहाच्या खाली जात होता, बॅटरीवर मात्र तो साडेबाराच्या आसपास टिकून होता. रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, नवा लग दाबून बसवला आणि बोल्ट आवळला, तेव्हा तोच ॲम्प आणि तोच सबवूफर पूर्ववत वाजू लागले.

यामागचे गणित साधे आहे. ५०० वॉट देणारा डी वर्गाचा ॲम्प सुमारे ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो असे धरले, तर पूर्ण जोरात तो बॅटरीकडून ६२५ वॉट, म्हणजे साडेबारा व्होल्टला ५० अँपिअर खेचतो. अर्थच्या जोडात ०.०५ ओहम इतका नगण्य वाटणारा रोध असला, तरी एवढ्या प्रवाहाला तेथेच अडीच व्होल्ट खर्ची पडतात. मोटार कितीही ताकदीची असली तरी ठिबकचा फिल्टर तुंबल्यावर शेवटच्या ओळीला पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार आहे. मेख अशी की साध्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर हा दोष दिसत नाही, कारण मीटरच्या दोन वायरींचाच रोध याहून अधिक असतो. त्यासाठी मीटर व्होल्टवर ठेवून, एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावून, गाणे जोरात चालू असतानाच वाचन घ्यावे लागते. ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे जात असेल, तर नवा ॲम्प बसवूनही काही उपयोग होणार नाही.

ॲम्पवर दिवाच लागत नसेल, तर तपासण्याची टर्मिनले तीनच असतात: बॅटरीकडून येणारी धन वायर, अर्थ आणि स्टिरिओकडून येणारी, ॲम्प चालू करणारी रिमोट वायर, जी बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला सहसा निळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. धन वायरवर बारा व्होल्ट नसतील तर मुख्य फ्यूज पाहावा, आणि तोही नुसत्या नजरेने नव्हे, तर दोन्ही बाजूंना मीटर लावून. रिमोटवर व्होल्टेज नसेल तर दोष स्टिरिओकडे किंवा मधल्या जोडात आहे. तिन्ही ठीक असून, ॲम्पचा स्वतःचा फ्यूजही शाबूत असून तो मृतवत असेल, तर मात्र खुशाल उडाला म्हणावे.

लाल दिवा कायम लागून राहत असेल तर आधी सबवूफरच्या वायरी सोडवाव्यात. दिवा गेला तर दोष वायरीत किंवा सबवूफरमध्ये आहे, राहिला तर बहुधा ॲम्पच्या आत. सबवूफरच्या आतील चार ओहमच्या कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यावर) मीटर साधारण तीन ते पावणेचार ओहम दाखवतो. काहीच न दाखवल्यास कॉइल तुटलेली आहे आणि शून्याच्या जवळ दाखवल्यास ती शॉर्ट आहे. दोन्ही तळव्यांनी सबवूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हळूच सारखा दाबल्यावर खरखर जाणवली, तर कॉइल जळून घासत असल्याचे समजावे. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की भार दोन ओहमचा होतो, आणि ब्रिज केल्यावर (दोन चॅनेल एकत्र जोडल्यावर) चार ओहमच्या खाली न चालणारा ॲम्प अशा जोडणीत तापून बंद पडतो. तो दोष ॲम्पचा नसून जोडणाऱ्याचा असतो.

सांगलीपुरते एक कारण वेगळे सांगावे लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात होत्या. त्यांपैकी काही आजही जुन्या गाड्यांच्या बाजारातून फिरत असणार. सीटखालच्या कार्पेटमध्ये ओल धरलेल्या अशा गाडीत अर्थचे जोड आणि फ्यूजचे होल्डर यांच्यावरच पहिला संशय घ्यायला हवा.

फ्यूजबाबत तर चालढकल मुळीच नको. मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आतच असावा, कारण तो ॲम्पसाठी नसून वायरसाठी असतो. तो डिकीत बसवल्यास मधली सगळी वायर विनासंरक्षण राहते आणि ती कोठेही पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते. वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा तेथे तारेचा तुकडा अडकवणे हा तर जिवाशी खेळ आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर शुद्ध तांब्याची म्हणून विकली जाते, तीही ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर त्याच जाडीच्या तांब्याएवढा प्रवाह तिच्यावर टाकता येत नाही.

गाडीची सजावट करणाऱ्या दुकानदारांना माझी सूचना अशी, की ॲम्प किंवा सबवूफर बदलायला सांगण्यापूर्वी बॅटरीवरील व्होल्टेज, ॲम्पवरील व्होल्टेज, अर्थमधील घट आणि कॉइलचा रोध ही चार वाचने ग्राहकासमोर घेऊन पावतीवर लिहावीत. मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि तपासणीला पाव तास पुरतो. या वेळेचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत, ते देण्यास कोणी नाही म्हणणार नाही. ग्राहकांनीही पावती आणि काढलेला जुना ॲम्प या दोन्ही वस्तू हक्काने मागाव्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली